दारावरचं पुष्पचक्र

कॅरोलिन तुस्कानोला प्रश्न विचारायची खोड होती, आणि त्या खोडीपायीच तिला नोकरी लागली, असं तिचा नवरा मॅथ्यू चारचौघांत सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं. लग्नानंतर नवऱ्यामागून वसईहून बहरीनला आलेली ही बाई मनामातल्या एका मोठ्या हॉटेलात कुणाच्या तरी रिसेप्शनला गेली, आणि जेवायचं सोडून थेट मॅनेजरला गाठून म्हणाली, "ही फुलं कोणी रचलीत? देठं एवढी आखूड का कापलीत? उद्यापर्यंत तरी टिकतील का?" दुसरा कुणी वैतागला असता. या मॅनेजरने तिला कामावर घेतलं. तेव्हापासून ती त्या हॉटेलच्या फ्लॉवर रूममध्ये होती.

फ्लॉवर रूम हे नाव ऐकायला छान. प्रत्यक्षात ती हॉटेलच्या पोटातली, लाँड्री आणि बेकरी यांच्यामधली बिनखिडकीची गार खोली. बाहेर मे महिन्याचं ऊन अंगाची लाही करत असायचं, आणि ही आत स्वेटर घालून शेवंतीची देठं कापत बसलेली. बातम्या मात्र सगळ्या तिच्याकडे. कुणाचा साखरपुडा, कुणाची निवृत्ती, कुठली नवरी कुठल्या फुलांवरून सासूशी भांडली, सगळं ऑर्डरीबरोबर खाली यायचं, आणि जे आपणहून यायचं नाही ते कॅरोलिन विचारून घ्यायची. पण गोष्ट तिच्या पोटात राहायची, हेही सांगायला हवं. हौस होती ती माहीत करून घ्यायची, गावभर करायची नव्हे.

हॉटेलात पाहुण्यांची विचारपूस करायच्या कामावर देसिस्लावा नावाची बल्गेरियाची एक बाई होती. एवढं नाव कोण घेणार, म्हणून ती स्वतःच स्वतःला देसी म्हणवून घ्यायची. तिच्या देशात या नावाचं लाडकं रूप तेच. ती पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये आली आणि कुणीतरी "देसी आली" म्हटलं, तेव्हा स्वयंपाकघरातल्या झाडून सगळ्या भारतीयांनी कौतुकाने माना वळवल्या आणि सोनेरी केसांच्या त्या गोऱ्यापान बाईकडे बघतच राहिले. कॅरोलिनची आणि तिची गट्टी जमली ती त्याच दिवशी, कारण 'या नावाचा तुमच्याकडे अर्थ काय' असं तिला विचारणारी कॅरोलिन एकटीच होती.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी देसी घाईघाईत खाली आली. "कॅरोलिन, शुक्रवारी मला एक रीथ हवंय. ताज्या फुलांचं. एका फोटोभोवती लावायचंय. दोन भाऊ आहेत फोटोत." एवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती जिन्याने वर पळाली.

रीथ म्हणजे पुष्पचक्र, आणि पुष्पचक्र म्हटलं की वसईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे शवपेटीच येते. आनंदाच्या प्रसंगाला आपल्याकडे हार, गजरा, वेणी, गुच्छ, काय वाट्टेल ते असतं. कडं असतं ते फक्त मेलेल्या माणसासाठी. त्यात पुन्हा दोन भाऊ! कॅरोलिनच्या हातातली कात्री तशीच राहिली. एरवी ती देसीमागून जिना चढली असती, पण त्या दिवशी तिने एकही प्रश्न विचारला नाही. त्याला कारण होतं, आणि ते कारण तिच्या घरात होतं.

डिलन हा मॅथ्यूचा धाकटा भाऊ. लग्न केलं नव्हतं. मनामाच्या माहूज भागातल्या फ्लॅटमध्ये भाऊ-भावजयीबरोबर राहायचा, सलमानियाच्या बाजूला एका ऑफिसात नोकरी करायचा. अक्षर असं देखणं की लोक लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर नावं घालायला त्याच्याकडे यायचे. मॅथ्यू मोठा. एसी दुरुस्तीच्या कामावर सुपरवायझर, हाताने कुशल, बोलायला पटाईत, आणि लिहिण्याच्या नावाने मात्र बोंब. या दोघांनी मिळून दर शुक्रवारी घरातच मराठीची शाळा चालवली होती. माहूज-गुदैबियातली पोरं यायची. कुणी वसईची, कुणी पुण्याची, कुणी कुडाळची. सगळ्यांना मराठी कळायचं आणि सगळी उत्तरं इंग्रजीत द्यायची. डिलन फळ्यावर एक अक्षर काढायचा आणि मॅथ्यू त्या अक्षराची गोष्ट सांगायचा. 'ब' आला की बावखल, म्हणजे वसईच्या वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, आणि त्यात मॅथ्यू लहानपणी चांगल्या कपड्यांसकट कसा पडला ती हकीकत. पोरं हसून हसून लोळायची आणि 'ब' जन्मात विसरायची नाहीत. "आम्ही दोघं मिळून एक मास्तर," असं डिलन म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या चौदा फेब्रुवारीला डिलन सकाळी चहा घेता घेता गेला. हृदय बंद पडलं. व्हॅलेंटाइनचा दिवस, फुलांच्या धंद्यातला सगळ्यांत गर्दीचा. कॅरोलिन गुलाबांच्या ढिगाऱ्यात उभी होती तेव्हा मॅथ्यूचा फोन आला. त्याच हातांनी तिने नंतर पांढरं पुष्पचक्र बांधलं, आणि ते डिलनबरोबर वसईला गास गावच्या दफनभूमीपर्यंत गेलं.

शाळा बंद पडली ती तेव्हापासून. शेवटच्या शुक्रवारी नव्या फेरीतला 'ढ' झाला होता. पोरं निघाल्यावर डिलन भावाला चिडवत म्हणाला होता, "पुढच्या वेळी 'ण' आहे. बाण नको हां, तो प्रत्येक तक्त्यावर असतो. नवी गोष्ट शोधून ठेव." ती गोष्ट शोधायची राहिली. मॅथ्यूने मार्करचा पांढरा फळा कपाटामागे सरकवला. पोरांच्या आयांनी विचारलं तर म्हणायचा, "मी अर्धाच मास्तर आहे. अर्धा मास्तर काय शिकवणार? फळ्यावर कोण लिहिणार?" हळूहळू त्या विचारायच्या थांबल्या. आता त्याने ठरवलं होतं की येत्या रविवारी ऑफिसात राजीनामा द्यायचा आणि वसईला जाऊन वाडी बघायची.

जायला कॅरोलिनची ना नव्हती. इथे कुणाला जन्मभराचा व्हिसा मिळालाय! पण हे जाणं म्हणजे पळणं होतं, आणि पळणारा मॅथ्यू तिला बघवत नव्हता. वसईला गेला तरी वाडीत असाच गप्प बसून राहील, याची तिला मनोमन भीती वाटायची. सगळ्या जगाला प्रश्न विचारणारी ही बाई नवऱ्याला मात्र 'शाळा पुन्हा कधी' एवढं विचारू शकत नव्हती. एकदा विचारलं होतं, तेव्हा तो ताटावरून उठून गेला होता.

तर, देसीचे दोन भाऊ गेले असं धरून कॅरोलिनने गुरुवारी दुपारी मनापासून एक पुष्पचक्र बांधलं. पांढरी शेवंती, पांढरी कार्नेशन, कडेने नेच्याची पानं, खाली पांढरी रिबीन. बांधताना तिला दोनदा डोळे पुसावे लागले.

देसी बघायला आली ती दारातच थबकली. कड्याकडे बघून तिने आवाज एकदम खाली आणला. "अगं, कोण गेलं?"

"कोण म्हणजे?" कॅरोलिन गोंधळली. "तुझे ते... फोटोतले दोन भाऊ."

"हो, ते गेलेच की," देसी म्हणाली. "पण त्याला अकराशे वर्षं होऊन गेली."

मग दोघीही एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि बेकरीतला माणूस डोकावून जाईपर्यंत हसत सुटल्या. कॅरोलिन ओशाळली होती, पण त्याहून जास्त तिच्या मनात प्रश्नांची झुंबड उडाली होती. दोन दिवस दाबून ठेवलेले सगळे प्रश्न एकदम बाहेर आले. कोण भाऊ? कुठले? संत आहेत? आमच्या चर्चचे की तुमच्या?

देसी स्टुलावर बसली. त्यांचं बोलणं अर्थात इंग्रजीत चालायचं, एक वसईच्या वळणाचं आणि एक सोफियाच्या वळणाचं, पण चालायचं छान. ती म्हणाली, "सिरिल आणि मेथोडियस. चर्चची वाटणी व्हायच्या आधीचे, म्हणून दोन्हीकडचे. आमच्या स्लाव्ह लोकांना तेव्हा स्वतःची लिपी नव्हती. प्रार्थना परक्या भाषेत, पुस्तकं परक्या भाषेत. या दोघांनी आमच्या बोलीसाठी अक्षरं तयार केली. चोवीस मेला त्यांचा सण असतो. देशभर सुट्टी."

"अक्षरांची सुट्टी?" कॅरोलिनचा विश्वास बसेना. "बँकासुद्धा बंद?"

"बँकासुद्धा. पण पोरं घरी नाही बसत. शाळाच्या शाळा बँड लावून रस्त्यावर येतात. पुढे या दोघांचा फोटो, त्याभोवती फुलांचं कडं. शाळेच्या दारालाही कडं लावतात."

"दाराला कशाला?"

"रस्त्याने जाणाऱ्याला कळायला नको, की आत शिकवतात?"

कॅरोलिनने मान डोलावली. आपल्याकडे बाराखडी ही मुख्यतः मार खाण्याची गोष्ट. तिची मिरवणूक काढायची, तीही बँड लावून, हे तिच्या डोक्यात मावत नव्हतं, पण मनाला फार गोड वाटत होतं. देसी इथल्या पाच-सहा बल्गेरियन पोरांना शनिवारी घरी बसवून अक्षरं शिकवते, हेही तिला त्या दिवशीच कळलं. इतकी वर्षं ही बाई शेजारी बसून जेवते आणि आपण हे विचारलंच नाही, याचा तिला रागच आला.

"आता तुम्ही लिहिता ती अक्षरं त्यांनीच केलेली?"

"नाही. त्यांनी केलेली वेगळी होती. आताची त्यांच्या शिष्यांनी बल्गेरियात घडवली."

"मग फोटो यांचा का लावता?"

"सुरुवात यांनी केली ना! धाकटा हुशार होता, पंडित. अक्षरं त्याच्या डोक्यातली. पण तो लवकर गेला, रोममध्ये. चौदा फेब्रुवारीला."

कॅरोलिनची कात्री दुसऱ्यांदा थांबली. "चौदा फेब्रुवारी?"

"तुमच्या चर्चमध्ये दोघांचा सण त्याच दिवशी असतो. गुलाबांच्या गडबडीत कुणाच्या लक्षात येत नाही. आणि मोठा... मोठ्याच्या मनात डोंगरावरच्या मठात परत जायचं होतं."

"मग? गेला?"

पण वरून तिसऱ्यांदा फोन आला होता. देसी उठली. "बाकीचं उद्या. तुलाही यायचंय, सगळ्यांना घेऊन ये. आणि हे बघ, रंगीत फुलं घाल, जितकी भडक तितकी चांगली. हिरव्यात बोसिलेक हवाच, म्हणजे बेसिल. त्याच्याशिवाय आमच्या आजीने कड्याला कडं म्हटलं नसतं." आणि ती गेलीच.

त्या संध्याकाळी कॅरोलिनने घरी आल्या आल्या सगळं सांगून टाकलं. घरात ती दोघं आपल्या वसईच्या बोलीत बोलत. ती इथे जशीच्या तशी उतरवली तर वाचणाऱ्याची दमछाक व्हायची, म्हणून साधं मराठीच बरं. मॅथ्यू सोफ्यावर पडून टीव्हीच्या बातम्या बघत होता. पुष्पचक्राच्या घोटाळ्यावर तो जरासा हसला. अक्षरांच्या मिरवणुकीला "हं" म्हणाला. धाकटा पंडित होता आणि चौदा फेब्रुवारीला गेला, हे ऐकल्यावर त्याने रिमोट उचलून आवाज बंद केला.

तो सोफ्यावर उठून बसला. मग म्हणाला, "आणि मोठा गेला काय डोंगरावर?"

"माहीत नाही. ती उद्या सांगणार आहे."

"तू विचारलं नाहीस?" त्याला खरंच नवल वाटलं.

"तिला फोन आला. तुला एवढं जाणून घ्यायचं असेल तर तूच ये आणि विचार. आणि सकाळी मला मशमूम आणून दे, भरपूर."

मशमूम म्हणजे बहरीनच्या मळ्यांतला घमघमणारा सब्जा. इथल्या बायका तो मोगऱ्याबरोबर केसांत माळतात. देसीच्या आजीचा बेसिल तो हाच, किंवा त्याचा सख्खा भाऊबंद, असा कॅरोलिनचा हिशेब होता. मॅथ्यूला मिरच्यांची रोपं आणायला बुदैयाच्या मळ्यांकडे जायची सवय होती. शुक्रवारी ऊन चढायच्या आत तो जाऊन दोन मोठ्या जुड्या घेऊन आला. गाडीत, लिफ्टमध्ये, घरभर वास सुटला. "वसईला आई हारात सब्जा घालायची तसाच," एवढंच तो म्हणाला, आणि कॅरोलिन कडं बांधत होती तिथे बसून न सांगता पानं खुडून द्यायला लागला.

कडं झालं ते डोळ्यांत भरण्यासारखं. लाल आणि केशरी जर्बेरा, गुलाबी गुलाब, पिवळी शेवंती, आणि मधून मधून मशमूमचे तुरे. पांढरं कडंही कॅरोलिन हॉटेलातून घेऊन आली होती. एवढं मनाने बांधलेलं टाकायचं कसं? संध्याकाळी डिलनच्या फोटोला लावू म्हणून तिने ते ओल्या कापडात गुंडाळून घरातच एसीच्या गारव्यात ठेवलं.

देसीचा फ्लॅट जुफेरला होता. कॅरोलिन-मॅथ्यूबरोबर त्यांची मुलगी कॅरलही कुरकुरत आली होती. पंधरा वर्षांची पोरगी शुक्रवारी सकाळी आणखी कशी येणार? हॉलमध्ये चार-पाच घरं जमली होती. टेबलावर दोन दाढीवाल्या संतांचा फोटो, एकाच्या हातात गुंडाळी, दुसऱ्याच्या हातात पुस्तक. कॅरोलिनने कडं फोटोभोवती बसवलं, तेव्हा एक म्हातारी पुढे झाली, मशमूमचं पान चुरगाळून हुंगलं आणि कॅरोलिनच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मग पोरांनी छातीशी एकेक अक्षर धरून गाणं म्हटलं. शब्द एकही कळला नाही, तरी कॅरोलिन पुढे सरकून ऐकत राहिली. एवढ्याशा हॉलमध्ये, एवढ्या लांबच्या बेटावर, सहा पोरांनी आपल्या अक्षरांसाठी नवे कपडे घातले होते.

खाणंपिणं सुरू झालं, तसा मॅथ्यू देसीपाशी गेला. ज्या माणसाने दोन वर्षांत परक्या घरी तोंड उघडलं नव्हतं, त्याने नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलं, "मोठा गेला का डोंगरावर?"

देसीने त्याच्याकडे नीट पाहिलं. कॅरोलिनने तिला डिलनबद्दल पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. ती म्हणाली, "धाकटा मरायला टेकला तेव्हा म्हणाला, दादा, आपण दोघं एका जुवाचे बैल होतो, एकच सरी नांगरत होतो. माझा दिवस संपला, मी इथेच पडतो. तुला डोंगराची ओढ आहे हे मला ठाऊक आहे. पण डोंगरासाठी हे शिकवणं सोडू नकोस. आमच्याकडे असं सांगतात."

मॅथ्यू शेतकऱ्याच्या घरचा. वडिलांकडची बैलजोडी त्याने लहानपणी स्वतः पाण्यावर नेली होती. तो म्हणाला, "बोलायला सोपं आहे. जोडीतला एक गेला की दुसरा मान टाकतो. मी बघितलंय."

"याने नाही टाकली."

"तोही पंडित असेल."

"नाही हो! तो आधी सरकारी अधिकारी होता, एका मुलखाचा कारभार बघायचा. पंडित धाकटाच."

"मग त्याने केलं काय? लिहिलं कोणी?"

"शिष्यांनी," देसी म्हणाली. "दोन जण होते, भराभर लिहिणारे. हा सांगायचा, ते लिहायचे. लोकांनी त्रास दिला, कैदेत टाकलं, तरी बाहेर येऊन पुन्हा तेच. धाकट्याच्या मागे पुष्कळ वर्षं. त्याचे शिष्यच पुढे आमच्याकडे आले. मोठा डोंगरावर गेला असता तर आज ही पोरं काय धरून उभी राहिली असती, मला माहीत नाही."

हातातली चीजची वडी मॅथ्यूने तशीच बशीत ठेवली. कॅरोलिनला त्याचा चेहरा दिसत होता आणि तिला फार वाटत होतं की आता जाऊन विचारावं, काय रे, काय आलं मनात? पण ती जागची हलली नाही. कॅरल मात्र मधेच म्हणाली, "So he just talked? And the kids wrote?" आणि देसीने हसून मान हलवली.

माहूजला घरी पोचल्यावर मॅथ्यूने पांढरं कडं ओल्या कापडातून बाहेर काढलं. कॅरोलिनने डिलनचा फोटो भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवला. पण कडं भलतंच मोठं होतं. फोटो त्याच्या मधल्या भोकातून आरपार गेला.

"लहान करून देते," कॅरोलिन म्हणाली.

"नको." मॅथ्यूने स्वयंपाकघरातून उरलेला मशमूम आणला, सकाळचे उरलेले चार जर्बेरा आणले, आणि त्या पांढऱ्या कड्यात एकेक करून खोचायला लागला. एसीच्या तारा जोडणारी जाड बोटं ती, पण देठ एकही मोडला नाही. पांढरी रिबीन त्याने सोडून बाजूला ठेवली. मग दार उघडून, जिथे नाताळात चांदणी लागते त्या बाहेरच्या खिळ्यावर त्याने ते कडं अडकवलं.

"Papa!" कॅरल दचकली. "Everyone will think somebody died."

"वाटू दे. विचारतील ना? विचारू देत."

आणि विचारलंच. खालच्या कोल्ड स्टोअरचा, म्हणजे किराणा दुकानाचा, हारून पाण्याच्या बाटल्या घेऊन वर आला. दोन वर्षांपूर्वी डिलनला न्यायला माणसं आली, तेव्हा जिन्यावर डोळे पुसत उभा राहिलेला हाच हारून. दारावरचं कडं बघून त्याने बाटल्या हळूच खाली ठेवल्या, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "मॅथ्यूभाई... घर में सब खैरियत? कौन...?"

कॅरोलिनने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. हे उत्तर तिचं नव्हतं.

"सब खैरियत है," मॅथ्यू म्हणाला. "स्कूल है इधर. अगले जुम्मे से. नीचे कोई बच्चे का माँ-बाप आएगा तो बोलना. और तेरे पास बोर्ड पे लिखने का मार्कर है क्या? काला?"

हारूनने कड्याकडे बोट केलं. "स्कूल? डिलनभाई का स्कूल?"

"हाँ. डिलनभाई का."

"अभी लाता हूँ," म्हणत हारून निघाला, आणि बाटल्यांचे पैसे घ्यायचे विसरून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेला.

आतून काहीतरी जड घासत ओढल्याचा आवाज आला. कॅरल कपाटामागून फळा बाहेर काढत होती. त्यावर दोन वर्षांची धूळ होती, आणि धुळीखाली डिलनच्या हातचा 'ढ' अजून तसाच होता. कॅरलने तो पुसायला फडकं उचललं, मग पुसला नाही. त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून तिने विचारलं, आणि चक्क मराठीत विचारलं, "पप्पा, इथे मी 'ण' लिहू? पण तुमच्याकडे गोष्ट आहे का?"

"आहे," मॅथ्यू म्हणाला. "सणातला ण. तू लिही, मी सांगतो."